साडेसात मिलिमीटरचं टिंब

पहिलीतली मुलं आमच्या वहिनींना मोजणीबाई म्हणायची. तोंडावर नाही, पाठीमागे. वहिनी सगळं मोजायच्या. वर्गात आलेली मुलं, खडू, पट्ट्या, दाराबाहेर काढलेल्या चपला. मधल्या सुट्टीनंतर एक डोकं कमी दिसलं तर बाकीच्यांना बसवून ते डोकं शोधायला निघायच्या. अठ्ठावीस वर्षांत त्यांच्या वर्गातून काही हरवलं नाही. हे मी ऐकीव सांगत नाही. त्या वर्गातली बाकं, कपाट, फळ्याची चौकट, सगळं मीच दुरुस्त करत आलो आहे.

माझं काम लेथवरचं. फर्निचरच्या कारखान्यात छत्तीस वर्षं खुर्च्यांचे आणि पलंगांचे पाय कातले. निवृत्त झालो तेव्हा कारखान्याने भंगारात काढलेलं एक छोटं लेथ मशीन मागच्या खोलीत आणून बसवलं. वहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. भाऊ जाऊन अकरा वर्षं झाली, मूलबाळ नाही. त्या वरच्या मजल्यावर राहतात, आम्ही खाली. संध्याकाळी त्या खाली येतात आणि माझ्या कामाला नावं ठेवतात.

बाहेरच्यांना त्या कडक वाटतात. त्या भित्र्या आहेत, हे फक्त घरात माहीत. फळ्यावर साधा शब्द लिहायचा तरी आधी वहीत पेन्सिलीने लिहून बघतात. त्या स्वतः पहिलीत असताना फळ्यावर एक शब्द चुकला होता. गुरुजींनी तो पुसू दिला नाही. शाळा सुटेपर्यंत त्या शब्दाखाली उभं केलं. मास्तरीण झाल्यावरही ती भीती हाडात राहिली.

त्यांच्या वर्गात एक मुलगी आली. सहा वर्षांची, बारीक, बोलणं जवळजवळ नाही. मुलं तिला खोडरबर म्हणत. एक अक्षर लिहायची, पुसायची, परत लिहायची, परत पुसायची. कागद फाटेपर्यंत. एकदा वहिनी तिची वही घेऊन खाली आल्या. एका पानाला सात भोकं होती. त्या बराच वेळ भोकांतून बोट घालून बसल्या. मग म्हणाल्या, "भावजी, पुसलं तरी डाग दिसतो म्हणून ही पुसत राहते. डाग राहणारच नाही असं लिहिणं मला पाहिजे. लाकडात होईल?"

होईल म्हणालो.

पहिल्या खेपेला मी तळहाताएवढी जाड अक्षरं केली. दोन आठवडे गेले. मुलांनी तीन मिनिटं शब्द जुळवले आणि नंतर पूल बांधला. वहिनी मागच्या बाकावर घड्याळ घेऊन बसल्या होत्या, म्हणून तीन मिनिटं हे नक्की. घरी येऊन म्हणाल्या, "खुर्चीचे पाय करून करून तुमची अक्षरंही ओझं उचलायलाच उभी राहिलीत. जरा हलकं होऊ द्या."

दुसऱ्या खेपेला पातळ चौकोन केले आणि ते बसायला लांब खाच पाडलेली फळी. चित्र उचलायचं, त्याचा शब्द खाचेत लावायचा. यातही मुलं कंटाळली, कारण शब्द लावला की बाईंना दाखवायचा आणि बाई तपासणार. म्हणजे वहीच झाली, फक्त लाकडाची. वहिनींनी यावर आठ दिवस काढले. मग नियम बदलला. तपासायचं ते जोडीदाराने, आणि डोळे मिटून, बोटांनी. त्यासाठी मला सगळी अक्षरं खोल कोरावी लागली. चुकलं असेल तर 'चूक' म्हणायचं नाही. 'परत' म्हणायचं आणि दोघांनी मिळून लावायचं. मुलांना डोळे मिटण्यातच मजा वाटायला लागली. काना, मात्रा, वेलांट्या मी वेगळ्या केल्या आणि त्यांच्या खुंट्या अशा घट्ट ठेवल्या की बसताना टक असा आवाज यावा. खेळाचं नाव मुलांनीच टकटक पाडलं.

राहिलं टिंब. अक्षराच्या डोक्यावरचा अनुस्वार. लहान मुलं तोच विसरतात. वहिनींचं म्हणणं, मग डब्यातली सगळ्यांत सुंदर वस्तू तीच असली पाहिजे. "असं टिंब करा भावजी, की ते लावायला मिळावं म्हणून मुलांनी भांडावं."

मी केलं. फिकट, घट्ट लाकूड घेतलं. एरवी वापरतो त्यापेक्षा जास्त सुकवलं, म्हणजे रंग नीट धरेल. आधी टिंबाला देठ ठेवला होता, पण तो मुलांच्या हातून मोडायचा. देठ काढून टाकला आणि अक्षराच्या वर उथळ वाटी कोरली. गोल मणी वाटीत ठेवायचा, दाबायचा, टक. व्यास साडेसात मिलिमीटर. एका मण्याला अकरा मिनिटं. चार वेगवेगळ्या नंबरचे पॉलिश पेपर एकामागून एक, शेवटी सुती कापड. रंग लाल. हातात घेतलं की सोडवत नसे. सहा डबे, प्रत्येकात चार, असे चोवीस मणी. आमची ही म्हणाली, दाराची कडी चार वर्षं कुरकुरते आहे तिला कधी तेल घातलं नाही, आणि टिंबांना काय ही चमक.

आता जे सांगायचं ते सांगतो. कारखान्यात लहान मुलांचे पाळणे बनत. तिथे फोरमनने एक नळीचा तुकडा भिंतीला टांगून ठेवला होता. जो भाग त्या नळीतून आरपार पडेल तो पाळण्यात सुटा ठेवायचा नाही. वीस वर्षं मी प्रत्येक गोल भाग त्या नळीत टाकून बघितला. माझे चोवीस मणी त्या नळीतून एका वेळी चार पडले असते. मला नळी आठवली नाही. मी चमक बघत होतो.

वहिनींना मात्र भीती वाटली होती. मणी हातात फिरवत त्यांनी विचारलं, "कुणी हे तोंडात घातलं तर?"

मी म्हणालो, "रंग खाण्याचा आहे वहिनी. काही होत नाही."

त्यांनी रंगाबद्दल विचारलं नव्हतं. मी रंगाबद्दल उत्तर दिलं, आणि छत्तीस वर्षं लाकडात काढलेला माणूस म्हणतो आहे म्हणून त्यांनी ते मानलं.

पाच आठवडे खेळ छान चालला. खोडरबर सगळ्यांत आधी फळी घेऊन बसायची. एके दिवशी तिने जोडीदाराला मोठ्याने 'परत' म्हटलं. वहिनी ते सांगायला खास खाली आल्या. तिचा आवाज वर्गाने पहिल्यांदा ऐकला, म्हणाल्या.

ते घडलं त्या दिवशी मी शाळेतच होतो. पहिलीच्या वर्गाचं दार खाली घासत होतं, ते उतरवून व्हरांड्यात रंधा मारत होतो. तास संपत आला. वहिनींनी डबे गोळा केले आणि टिंबं मोजायला लागल्या. मोठ्याने मोजायची सवय. एकवीस, बावीस, तेवीस. थांबल्या. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा तेवीस. तिसऱ्यांदा मोजताना आवाज चढला होता.

"एक टिंब कमी आहे. कुणाकडे आहे?"

वर्ग गप्प झाला. मी रंधा थांबवला. एक खोकला आला. एकच, आणि पुढचा आलाच नाही.

मी आत गेलो तेव्हा खोडरबर दोन बाकांच्या मध्ये उभी होती. तोंड उघडं, दोन्ही हात गळ्यावर. आवाज नाही. डोळे वहिनींवर. ओठांचा रंग बदलत होता. वहिनींनी तिला हातावर ओणवं केलं आणि तळहाताने पाठीवर दणके दिले. पाच दिले. मी मोजत होतो, दुसरं काही सुचत नव्हतं. पाचव्याला तिचा श्वास आत गेला. त्या श्वासाबरोबर एक बारीक शिट्टी वाजली.

मग ती उभी राहिली. रंग परत आला. रडलीही नाही. वहिनींनी तोंड उघडायला सांगितलं. तोंडात काही नव्हतं. टिंब कुठे आहे विचारलं. तिने नाही अशी मान हलवली.

मी गुडघ्यांवर बसून बाकांखाली शोधलं. प्रत्येक फटीत पट्टी फिरवली. एकतीस दप्तरं रिकामी केली. मला ते मणभर धुळीत, कुणाच्या खिशात, कुठेही चाललं असतं. मुलं भिंतीला टेकून उभी होती.

मुख्याध्यापक आले. मुलगी नीट उभी आहे, श्वास घेते आहे, गिळलं असेल तर दोन दिवसांत पडून जाईल, असं त्यांचं मत पडलं. वहिनी खाली बसल्या आणि त्यांनी मुलीच्या पाठीला कान लावला. आधी डाव्या बाजूला, मग उजव्या. उजवीकडे कान बराच वेळ तसाच ठेवला. उठल्या तेव्हा त्यांचा चेहरा खडूसारखा झाला होता. "शिट्टी आतच आहे," एवढंच म्हणाल्या, आणि मुलीला उचलून निघाल्या.

दवाखान्यात कानाघशाच्या डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी तपासलं, एक्स-रे काढला. एक्स-रेत काहीच नव्हतं. मला हायसं वाटलं. ते फार टिकलं नाही. बाईंनी समजावलं की हाड दिसतं, धातू दिसतो, लाकूड दिसत नाही. मणी पोटात असेल, श्वासनळीत असेल किंवा कुठेच नसेल, फोटोवरून कळणार नाही. दुर्बीण घालायची तर पूर्ण भूल द्यावी लागते आणि एवढ्या लहान मुलीला त्यातही धोका असतो. श्वास सध्या ठीक आहे. उद्या सकाळपर्यंत लक्ष ठेवू, म्हणाल्या.

बाहेरच्या बाकावर मुख्याध्यापकांनी वहिनींना हळू आवाजात समजावलं. फोटोत काही नाही. मुलीने गिळल्याचं कुणी पाहिलं नाही. खेळ शाळेच्या परवानगीने नव्हता. दीड वर्ष नोकरी राहिली आहे, नीट संपवा. आईला सांगायचं की वर्गात खोकल्याची उबळ आली, खबरदारी म्हणून आणलं. खोटं तर काही नाही. ते वाईट माणूस नव्हते. तेही घाबरले होते.

वहिनी मांडीवरच्या पर्सचा बंद बोटाला गुंडाळत होत्या. गुंडाळायचा, सोडायचा. पर्समध्ये बाकीचे तेवीस होते.

मुलीची आई आली. ती कपडे धुण्याच्या कारखान्यात वाफेच्या इस्त्रीवर कामाला होती. तशीच आली होती, अंगातला कामाचा डगला न काढता. काय झालं, तिने विचारलं. मुख्याध्यापक म्हणाले, विशेष काही नाही, उबळ आली होती.

वहिनी उभ्या राहिल्या. बोलायच्या आधी त्यांचे ओठ हलत होते, एकदा मनात म्हणून बघत असाव्यात. मग म्हणाल्या, "उबळ नाही. वर्गात मी एक खेळ आणला होता. त्यातला लाकडी मणी तुमच्या मुलीच्या छातीत आहे असं मला वाटतं. डॉक्टरांना दिसत नाही, पण मी शिट्टी ऐकली आहे. चूक माझी आहे."

आईने विचारलं, "मग इथे बसून काय करताय?"

तेव्हा मला लाकडाचं ते आठवलं. मी तसाच डॉक्टरीणबाईंच्या खोलीत शिरलो. पुढच्या पेशंटला तपासत होत्या, रागावल्या. मी थांबलो नाही. सांगितलं की मणी मी केला आहे. लाकूड गरजेपेक्षा जास्त सुकवलेलं आहे. वर फक्त रंग आहे, लाखेचा थर नाही, म्हणजे पाणी अडणार नाही. असं लाकूड ओलीत राहिलं की पाणी पितं आणि फुगतं. सकाळपर्यंत ते साडेसात राहणार नाही.

"किती होईल?"

"आठ. त्याच्याही वर."

त्यांनी पेन खाली ठेवलं. आत्ता उजव्या बाजूने थोडी हवा जाते आहे, म्हणाल्या. आठ झालं तर जाणार नाही. नंतर सरकलं तर दोन्ही बंद. आणखी एक मणी आहे का विचारलं. माझ्या मागोमाग आलेल्या वहिनींनी पर्समधून काढून दिला. बाईंनी तो बोटांत धरायचा प्रयत्न केला आणि तो निसटून टेबलाखाली गेला.

आईने सही केली. मुलीला नेताना तिने वहिनींकडे मान वळवून बघितलं. मुलं रागावलेल्या माणसाकडे बघतात तसं.

एक तास चाळीस मिनिटं लागली. आई आमच्यापासून दूर, खिडकीजवळ उभी राहिली. वहिनी बसल्या नाहीत. समोरच्या दारावर लाल दिवा होता. मी आयुष्यात अनेकदा मशीनपाशी जीव मुठीत धरून उभा राहिलो आहे. पट्टा तुटला, पाती उडाली. ते क्षणाचं असतं. हे संपत नव्हतं. दार दोनदा उघडलं. पहिल्यांदा एक नर्स पळत बाहेर आली आणि काहीतरी घेऊन पळत आत गेली. आईने वहिनींकडे पाहिलं. वहिनी तिच्याकडे गेल्या नाहीत आणि नजरही काढून घेतली नाही.

दुसऱ्यांदा डॉक्टरीणबाई आल्या. मुलगी ठीक आहे हे आईला सांगितलं. आई भिंतीला धरून खाली बसली. मग बाई माझ्याकडे वळल्या. हातात स्टीलची वाटी, वाटीत मणी. मास्क काढून म्हणाल्या, "काका, चिमट्यात तीनदा धरला, तीनदा सुटला. तिसऱ्यांदा तर खोल गेला. इतका गुळगुळीत कशाला केलात?"

मी वाटीतून मणी उचलून घेतला. घरी जाऊन मोजला. आठ पूर्णांक एक.

दुसऱ्या दिवशी मुलगी बोलली, घोगऱ्या आवाजात, आईशी. आईने ते येऊन वहिनींना सांगितलं. टिंब तिने गालात ठेवलं होतं. घरी न्यायचं होतं. बाई मोजायला लागल्या तेव्हा ती घाबरली. बाईंनी तिसऱ्यांदा मोजलं तेव्हा तिने ते आत ओढलं.

वहिनी दोन दिवस खाली आल्या नाहीत.

पुढे खुलासा मागितला गेला. वहिनींनी एका पानावर लिहून दिलं की खेळ त्यांचा, तपासणीही त्यांनीच करायला हवी होती. माझं नाव त्यात नव्हतं. मी शाळेत जाऊन त्याच पानाखाली लिहिलं की मणी माझा, आणि विचारलं गेलं होतं तेव्हा मी भलतंच उत्तर दिलं. वहिनींना ताकीद मिळाली. खेळ कपाटात कुलूपबंद झाला. पंधरा दिवसांनी मुलगी वर्गात आली आणि आल्या दिवशी पुन्हा वही पुसायला लागली. वहिनींनी संध्याकाळी मला ते सांगितलं, आणि मशीनकडे बोट दाखवलं.

नव्या खेळात मी कुठलाच भाग सुटा ठेवला नाही. चौकोन हाताच्या मुठीएवढे. मात्रा चौकोनालाच बिजागरीने जोडलेल्या, उभ्या केल्या की दिसतात, आडव्या केल्या की लपतात. टिंब प्रत्येक अक्षराच्या मागे खाचेत अडकवलेलं. वर सरकवलं की डोक्यावर येतं. टक आवाज ठेवला. नळीचा तुकडा आणून भिंतीला टांगला. सात आठवडे लागले. वहिनी म्हणाल्या, आधी तिच्या आईला दाखवायचं. ती नको म्हणाली तर विषय संपला.

आम्ही दोघे तिच्या कामावर गेलो. वाफेच्या इस्त्रीपाशी तिने एक चौकोन हातात घेतला, उलटा केला, टिंब दातांत धरून ओढलं. दोनदा. मग म्हणाली, "पाण्यात फुगतं हे तुम्हीच म्हणालात ना काका? हे मी बादलीत टाकते. उद्या या."

दुसऱ्या दिवशी चौकोन फुगला होता. टिंब निघालं नव्हतं, पण सरकतही नव्हतं. ते बघून तिने तो परत दिला. मी सगळ्या खाचा अर्ध्या मिलिमीटरने मोठ्या केल्या आणि आतून लाख दिली. आणखी नऊ दिवस. पुन्हा बादलीत. मग तिने मान डोलावली आणि म्हणाली, पहिल्या दिवशी मी वर्गात बसणार.

त्या दिवशी मुख्याध्यापकांनी कपाटातला जुना खेळ काढून माझ्या ताब्यात दिला आणि ते दाराशी उभे राहिले. आई शेवटच्या बाकावर बसली. वहिनींनी डबे वाटले. मोजत होत्या, पण मनातल्या मनात.

खोडरबरने चित्र उचललं, फळी ओढली आणि एक एक अक्षर लावायला लागली. टिंबाशी आली. आई बाकावरून अर्धी उठली. वहिनींचा हात टेबलाच्या कडेवर आवळला गेला. आम्ही तिघेही तिच्या तोंडाकडे बघत होतो.

ती अक्षराकडे बघत होती. तिने अंगठ्याने टिंब वर सरकवलं. मग जोडीदाराला म्हणाली, डोळे मीट.